चिनी पोर्सलिनवरील काव्यालंकरण

चिनी मृत्पात्रींवर, विशेषतः पोर्सलिनच्या पात्रांवर, अभिजात काव्यातील चरण, संपूर्ण कविता किंवा काव्यमय गद्याचे उतारे कुंचल्याने लिहून अथवा कोरून पात्र अलंकृत करण्याची कला. तांग राजवंशाच्या (६१८–९०७) उत्तरार्धापासून विसाव्या शतकापर्यंत या कलेची परंपरा आढळते. पात्रावरील कविता ही दृश्य आकृती असते आणि उक्तीही असते. सुलेखनाची वळणे, अक्षरांच्या उभ्या ओळी आणि त्यांच्या भोवती राखलेली मोकळी जागा यांनी पात्राचा पृष्ठभाग सजतो; त्याच वेळी ती अक्षरे वाचकाशी बोलतही असतात. चीनबाहेर गेलेल्या पात्रांवरील अक्षरे बहुधा केवळ नक्षी म्हणूनच पाहिली गेली. तथापि ही अक्षरे वाचल्याखेरीज ते पात्र कोणासाठी घडविले, कोणत्या हेतूने घडविले आणि कोणत्या वर्गाने वापरले, हे नीट उलगडत नाही. काही कविता तर ग्रंथांतून लुप्त होऊन केवळ मातीच्या भांड्यांवरच शिल्लक राहिल्या आहेत.

पार्श्वभूमी : चीनमध्ये लेखन व चित्रण यांची साधने एकच, म्हणजे कुंचला आणि शाई. त्यामुळे सुलेखनाला तेथे चित्रकलेच्या बरोबरीचे, किंबहुना काही वेळा तिच्याहून वरचे स्थान मिळाले. काव्य, सुलेखन व चित्र या तिन्हींत नैपुण्य असणे हे विद्वानाचे भूषण मानले जाई. तांग काळापासून राजसेवेच्या परीक्षेत काव्यरचनेचा समावेश झाला आणि कविता हे सुशिक्षित वर्गाच्या रोजच्या व्यवहाराचे अंग बनले. निरोप देताना, भेट पाठविताना, मद्यपानाच्या मैफलीत वा प्रवासातील मुक्कामी कविता लिहिली जाई. भिंत, पंखा, पडदा व रेशमी पट यांवर ती उमटत असे. मृत्पात्री हा त्याच परंपरेतील आणखी एक पृष्ठभाग होय.

चिनी काव्याची काही अंगभूत वैशिष्ट्ये या कलेला अनुकूल ठरली. प्रत्येक अक्षरचिन्ह एका अवयवाचे असते आणि लिहिताना साधारणपणे सारखीच जागा व्यापते. चार चरणांच्या लघुकवितेत चरणामागे पाच किंवा सात अक्षरे असतात. म्हणजे संपूर्ण कविता अवघ्या २० वा २८ अक्षरांत मावते. आठ चरणांच्या नियमबद्ध कवितेला ४० वा ५६ अक्षरे लागतात. त्यामुळे झारीच्या पोटावर किती उभ्या ओळी बसतील, पेल्याच्या पाठीवर दोन चरण लिहून किती जागा मोकळी उरेल, याचा हिशेब कारागिराला आधीच करता येई. याउलट ‘फू’ या नावाने ओळखली जाणारी दीर्घ, लयबद्ध गद्यकाव्ये शेकडो अक्षरांची असतात. ती लिहावयाची तर संपूर्ण पात्रच त्या मजकुरासाठी द्यावे लागते.

तंत्र : पात्रावर कविता उतरविण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत झिलई देण्यापूर्वी कच्च्या पात्रावर लोह किंवा कोबाल्ट यांच्या ऑक्साइडयुक्त रंगाने लिहितात आणि वर झिलई देऊन पात्र भाजतात. पोर्सलिनसाठी भट्टीचे तापमान सु. १,३००° से. पर्यंत न्यावे लागते. कोरडी, न भाजलेली माती रंगाचे पाणी तत्काळ शोषून घेते. त्यामुळे कुंचला क्षणभर जरी अडखळला, तरी डाग उमटतो आणि तो पुसता येत नाही. शिवाय कोबाल्टचा रंग लिहिताना काळपट दिसतो. त्याची निळी छटा भट्टीतून बाहेर आल्यावरच कळते. दुसऱ्या पद्धतीत भाजून तयार झालेल्या झिलईवर एनॅमल रंगांनी लिहून पात्र पुन्हा कमी तापमानाला भाजतात. येथे चूक सुधारण्यास वाव असतो आणि अक्षरे बारीक काढता येतात. तिसरी पद्धत कोरण्याची. ती मातीवर भाजण्यापूर्वी किंवा पूर्ण झालेल्या पात्राच्या झिलईवर कठीण हत्याराने अवलंबिली जाते.

वक्र पृष्ठभाग ही या लेखनातील खरी अडचण. कागद सपाट पसरता येतो. येथे मात्र पात्र फिरवीत, हात अधांतरी ठेवून, वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे ओळी सरळ राखाव्या लागतात. जिआंगशी प्रांतातील जिंगदजन या प्रमुख केंद्रात कामाची विभागणी फार सूक्ष्म होती. तेथील पद्धतीचे वर्णन दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकाने १७१२ व १७२२ च्या आपल्या पत्रांत केले आहे. बाह्यरेखा काढणारा एक, तर रंग भरणारा दुसरा असे. राजकीय भट्ट्यांचा अधीक्षक तांग यिंग (१६८२–१७५६) याने १७४३ मध्ये पोर्सलिननिर्मितीच्या वीस चित्रांना स्पष्टीकरणे लिहिली. त्यांतही लेखनाचे काम स्वतंत्र कारागिरांकडे असल्याचे दिसते. म्हणजे पात्रावरील कविता रचणारा, ती निवडणारा व ती लिहिणारा या बहुधा तीन वेगळ्या व्यक्ती असत.

तांग काळ : या परंपरेचा आरंभीचा समृद्ध पुरावा हूनान प्रांतातील चांगशानजीकच्या तुंगग्वान भट्ट्यांत मिळतो. येथील भांडी काटेकोर अर्थाने पोर्सलिन नव्हेत. ती दगडासारख्या टणक, अपारदर्शक मातीची आहेत. परंतु पुढे पोर्सलिनवर जे घडले त्याचा पाया येथे आहे. नवव्या शतकातील झाऱ्यांवर, तोटीच्या खालील भागात, झिलईखाली तपकिरी रंगाने कविता लिहिलेल्या आढळतात. बहुतेक रचना पंचाक्षरी चरणांच्या चौपद्या आहेत. निरोप, घराची ओढ, व्यापारासाठी दूर गेलेल्या माणसाची अवस्था, वसंत, मद्य, प्रेम व व्यवहारातील उपदेश हे त्यांचे विषय.

उत्खननांतून अशा सु. शंभर कविता हाती आल्या आहेत. खांग-शी बादशाहाच्या आज्ञेने १७०५–०७ या काळात तांग काव्याचा जो बृहत्संग्रह सिद्ध झाला, त्यात २,२०० हून अधिक कवींच्या सु. ४९,००० रचना आहेत. एवढ्या अफाट संग्रहातही चांगशाच्या पात्रांवरील बहुतेक कविता आढळत नाहीत. त्या लोकांच्या तोंडी असलेल्या, कर्त्याचे नाव नसलेल्या रचना होत्या. संग्राहकांच्या लेखी त्यांना मोल नव्हते. परंतु गिऱ्हाइकाला त्या आवडत होत्या, म्हणून कुंभाराने त्या लिहिल्या. या लेखनात अक्षरांची लौकिक रूपे, समान उच्चारामुळे झालेली अदलाबदल आणि उघड चुकाही आहेत. याच चुकांवरून या कविता पुस्तकातून उतरविलेल्या नसून ऐकून लिहिलेल्या असाव्यात, असे अनुमान करता येते. तांग काळातील सामान्य माणसांच्या काव्यरुचीचा असा पुरावा अन्यत्र दुर्मिळ आहे.

याच भट्ट्यांचा माल सागरमार्गाने दूरवर जात असे. १९९८ मध्ये इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले. पश्चिम हिंदी महासागरातील पद्धतीप्रमाणे फळ्या शिवून बांधलेल्या या जहाजात सु. ६०,००० मृत्पात्री होत्या आणि त्यांतील बहुसंख्य चांगशाचे वाडगे होते. त्यांतील एका वाडग्यावर इ. स. ८२६ शी जुळणारा कालनिर्देश आहे. निर्यातीच्या या मालावर पक्षी, वेली, ढग व अरबी लेखनाचा भास निर्माण करणारी नक्षी यांचे प्राबल्य दिसते. एकाच केंद्रातील कारागीर घरच्या वाचकासाठी कविता व परक्या गिऱ्हाइकासाठी आकृती अशी निवड करीत होते, हे यावरून ध्यानात येते.

सुंग व युआन काळ : सुंग काळात (९६०–१२७९) दरबाराने पसंत केलेली पात्रे बहुधा एकरंगी झिलईची व लेखविरहित होती. काव्यलेखन टिकून राहिले ते उत्तर चीनमधील त्झूचौ शैलीच्या लोकोपयोगी भांड्यांवर. या शैलीत पात्रावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप देऊन त्यावर लोहयुक्त काळ्या वा गडद तपकिरी रंगाने लिहीत. मातीच्या उशा हा त्यांतील वैशिष्ट्यपूर्ण प्रकार. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या या पोकळ उशांच्या वरच्या सपाट भागावर चौपद्या, गेय रचना किंवा बोधवचने लिहिलेली असत. जेथे डोके टेकावयाचे तेथे एकांत, निद्रा, संसाराची दगदग आणि कीर्तीची व्यर्थता यांविषयीच्या ओळी योजण्यात एक औचित्य होते. काही उशांच्या तळाशी कारखान्याच्या घराण्याचा शिक्काही आढळतो.

युआन काळात (१२७१–१३६८) जिंगदजन येथे कोबाल्टच्या निळ्या रंगातील पोर्सलिनचे उत्पादन भरभराटीस आले. पांढऱ्याशुभ्र, अर्धपारदर्शक अंगावर निळे लेखन कागदावरील शाईसारखे उठून दिसते. जिआंगशी प्रांतातील गाव-आन येथे १९८० मध्ये सापडलेल्या निक्षेपात उंच बैठकीचा एक चषक मिळाला. मद्यपानाचा गौरव करणारे दोन चरण त्याच्या आतील बाजूस लिहिलेले आहेत. मद्य संपल्यावरच ते दृष्टीस पडावेत, अशी ही योजना आहे. पात्राचा वापर व कवितेचा आशय येथे एकमेकांत मिसळून गेले आहेत.

मिंग काळाची अखेर : वान-ली बादशाहाच्या मृत्यूनंतर (१६२०) दरबाराची मागणी घटली आणि जिंगदजनचे कारागीर खाजगी गिऱ्हाइकांकडे वळले. मिंग सत्तेचा अंत (१६४४) व चिंग सत्तेची स्थिरस्थावर यांच्या दरम्यानच्या या काळात विद्वान व धनिक व्यापारी यांच्या अभिरुचीला अनुसरून निसर्गदृश्ये, कथाप्रसंग व त्यांच्या शेजारी काव्यपंक्ती अशी मांडणी रूढ झाली.

या काळातील सर्वांत लोकप्रिय काव्यविषय म्हणजे ‘तांबडा कडा’. सू शृ ऊर्फ सू तुंग-पो (१०३७–११०१) या कवीला राजकीय कारणांवरून हुबेइ प्रांतातील ह्वांगचौ येथे पाठविण्यात आले होते. तेथे १०८२ मध्ये त्याने या कड्याखालील नौकाविहारावर दोन गद्यकाव्ये रचली. इ. स. २०८ मधील प्रसिद्ध युद्ध याच कड्याजवळ झाले, अशी समजूत त्या रचनांमागे आहे. प्रत्यक्ष युद्धस्थळ तेथून दूर, नदीच्या वरच्या अंगास होते, असे सामान्यतः मानतात. गतवैभवाची क्षणभंगुरता आणि नदी व चंद्र यांचे चिरंतनत्व यांचे चिंतन करणारी ही रचना राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वाचकाला विशेष जवळची वाटली असल्यास नवल नाही. वाडग्याच्या बाह्यांगावर एकीकडे कडा, चंद्र व होडीतील कवी आणि त्याचे सोबती, तर उरलेल्या भागात मूळ मजकुराच्या दाट ओळी, ही या ‘तांबडा कडा’ वाडग्यांची ठरलेली मांडणी होय. हे वाडगे परदेशांतही गेले. तेथे पाचशेहून अधिक अक्षरांची ती रचना बहुतेक पाहणाऱ्यांना केवळ एक निळी जाळी वाटली असणार.

चिंग काळ : खांग-शीच्या कारकीर्दीत (१६६१–१७२२) काव्यलेखनाला राजकीय आशयही प्राप्त झाला. मांचू राज्यकर्त्यांना चिनी विद्वानांचे सहकार्य हवे होते. १६७९ मध्ये अशा विद्वानांसाठी खास परीक्षाही घेण्यात आली. कुंचले ठेवण्याच्या नळकांड्यासारख्या पात्रांवर या काळात संपूर्ण रचना बारीक, रेखीव अक्षरांत लिहिल्या गेल्या. सुज्ञ राजाला गुणी मंत्री लाभण्याचे महत्त्व सांगणारी, हान काळातील वांग बाव याची प्रशस्ती त्यांत वारंवार आढळते. लेखनाच्या अखेरीस झिलईखाली तांब्याच्या लाल रंगात मुद्रा उमटविलेली असते. विद्वानाच्या मेजावर रोज नजरेसमोर राहणाऱ्या वस्तूवर या रचनेची निवड व्हावी, हे अर्थपूर्ण आहे.

याच कारकीर्दीतील बारा महिन्यांचे पेले प्रसिद्ध आहेत. अतिशय पातळ अंगाच्या या बारा पेल्यांच्या संचात प्रत्येक पेल्यावर त्या त्या महिन्याचे फूल रंगविलेले असून मागील बाजूस त्याला अनुरूप असे दोन चरण व एक लहान चौकोनी मुद्रा आहे. हे चरण प्रामुख्याने तांग काव्यातील आहेत. चित्र, काव्य व रिकामी जागा यांचा असा तोल क्वचितच साधलेला दिसतो.

युंग-जंगच्या कारकीर्दीत (१७२२–३५) कोरे पोर्सलिन जिंगदजनहून बीजिंगला आणून राजवाड्यातील कार्यशाळेत एनॅमल रंगांनी सजविण्याची पद्धती परिणत झाली. या पात्रांवर चित्र, दोन काव्यचरण व तीन मुद्रा अशी रचना असते. एक मुद्रा लेखाच्या आरंभी व दोन अखेरीस असून त्यांतील शब्दही विषयाशी जुळणारे असतात. बांबूच्या चित्राशेजारी सज्जनाच्या गुणांचा निर्देश असतो, तर पर्वतदृश्याशेजारी पर्वतांची उंची व जलाचा विस्तार सूचित केलेला असतो. कागदावरील चित्राची सर्व अंगे येथे पेल्याच्या पाठीवर अवतरली. तांग यिंग स्वतः कवी होता. त्याने आपल्या कविताही पात्रांवर लिहवून घेतल्या.

छ्येन-लुंग बादशाहाने (कार. १७३५–९६) हा प्रकार कळसास नेला. त्याच्या नावावर ४०,००० हून अधिक कविता असून त्यांपैकी सु. दोनशे मृत्पात्रींविषयी आहेत. मोहोराची फुले, बोटांसारख्या फाकांचे महाळुंग व चिलगोज्यांसारख्या बिया बर्फाच्या पाण्यात उकळून केलेल्या चहावर त्याने १७४६ मध्ये कविता रचली आणि ती पेल्यांवर लिहविली. नववर्षाच्या चहासमारंभात बादशाहासह काव्यरचना करणाऱ्या मंत्र्यांना हे पेले घरी नेता येत. मिंग काळातील, छंग-ह्वा बादशाहाच्या कारकीर्दीतील (१४६४–८७) कोंबड्यांचे चित्र असलेल्या पेल्यांवर त्याने १७७६ मध्ये कविता केली व ती लिहिलेली नवी पात्रे घडविली.

प्राचीन पात्रांवरील राजलेख : छ्येन-लुंगने केवळ नव्या पात्रांवर लिहविले नाही, संग्रहातील सुंगकालीन दुर्मिळ पात्रांवरही आपल्या कविता कोरविल्या. रू, ग्वान व दिंग या प्रकारच्या पात्रांच्या तळांवर वा अन्य भागांवर असे लेख आढळतात. रू प्रकारची शंभराहूनही कमी अखंड पात्रे आज जगात ज्ञात आहेत, हे लक्षात घेता या कृतीचे गांभीर्य कळते. सहाशे वर्षे अबाधित राहिलेल्या झिलईत राजाज्ञेने अक्षरे कोरली गेली. या कवितांतील माहिती नेहमीच अचूक नसते. काही पात्रांचे उगमस्थान बादशाहाने चुकीचे सांगितले आहे, तर रू प्रकारच्या एका सुंदर लांबट पात्राला त्याने पाळीव कुत्र्याच्या अन्नाचे भांडे मानले आहे. आजचे संशोधक त्याच आकाराच्या पात्रांना नरगिसाची फुले ठेवण्याचे पात्र म्हणतात. चिनी संग्राहकांच्या दृष्टीने पूर्वसूरींच्या चित्रावर अभिप्राय लिहिणे ही सन्मान्य प्रथा होती. बादशाहाने ती मातीच्या पात्रांना लावली. परंतु चित्राच्या कडेला कागद जोडता येतो, पात्राला तसे काही जोडता येत नाही. म्हणून या लेखांकडे दोन दृष्टींनी पाहावे लागते : कलाकृतीला झालेली कायमची इजा म्हणून आणि अठराव्या शतकात ते पात्र कोठे होते व त्याच्याविषयी काय समजले जात होते, याचा दिनांकित दाखला म्हणून.

उत्तरकाल : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छंग मन व इतर चित्रकारांनी फिक्या रंगातील, कागदावरील चित्रांची छाप असलेली एनॅमल शैली रूढ केली. तीत कविता, अर्पणाचा मजकूर, तिथी व चित्रकाराचे नाव एकत्र येते. अनामिक कारागिराच्या जागी आता स्वाक्षरी करणारा कलावंत आला. राजसत्तेच्या अंतानंतर जिंगदजन येथे वांग छी, वांग दाफान प्रभृती चित्रकारांचा ‘जूशानचे आठ मित्र’ या नावाने ओळखला जाणारा गट १९२८ मध्ये एकत्र आला. पोर्सलिनच्या सपाट फलकांवरील त्यांच्या चित्रांत काव्यलेखन हे अविभाज्य अंग आहे.

अभ्यास व परीक्षण : पात्रावरील कविता कालनिश्चितीस साहाय्यक ठरते. राज्य करीत असलेल्या बादशाहाच्या नावातील अक्षर जसेच्या तसे लिहिणे निषिद्ध असे. खांग-शीच्या नावातील ‘श्वान’ हे अक्षर, अर्थ काळा, त्यामुळे अखेरची रेघ गाळून लिहीत. ‘तांबडा कडा’ या विषयावरील दुसऱ्या गद्यकाव्यात हे अक्षर येते; म्हणून त्याचे रूप पाहण्याचा जाणकारांचा प्रघात आहे. १९५६ पासून चीनमध्ये अधिकृत केलेली सुलभ अक्षररूपे जुन्या म्हणविणाऱ्या पात्रावर दिसल्यास संशय बळावतो. मात्र त्यांतील कित्येक रूपे पूर्वीपासून लोकव्यवहारात होती, हेही ध्यानात ठेवावे लागते. लेखनातील चूक ही नकलीची खूण असतेच असे नाही. चांगशाच्या झाऱ्यांवर ती अस्सलपणाचे लक्षण ठरते. मुद्रित पाठ व पात्रावरील पाठ यांतील भेद, चित्र व कविता यांची संगती, अक्षरांचा वेग आणि झिलईशी असलेला त्यांचा संबंध या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो.

यूरोपात सतराव्या शतकापासून चिनी पोर्सलिनचे अनुकरण सुरू झाले, तेव्हा तेथील कारागिरांनी कधी कधी चिनी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या निरर्थक खुणा काढल्या. उक्ती नाहीशी होऊन केवळ आकृती उरल्याचे ते उदाहरण होय. भारतात मुंबई येथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली चिनी पोर्सलिनची पात्रे पाहावयास मिळतात. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील पर्सिव्हल डेव्हिड संग्रह, बीजिंग व तैपेई येथील राजवाडा संग्रहालये ही या विषयाच्या अभ्यासाची प्रमुख केंद्रे आहेत. अशा संग्रहांत पात्राचे चित्र समोर ठेवून कविता मागील बाजूस लपेल अशी मांडणी पूर्वी सर्रास होत असे. पात्र फिरवून पाहिले आणि त्यावरील ओळी वाचल्या, तरच त्याची ओळख पूर्ण होते. तुंगग्वानच्या कुंभाराने ऐकून लिहिलेली चौपदी आणि छ्येन-लुंगने कोरविलेली कविता यांच्या काव्यगुणांत व हेतूंत फार अंतर आहे. परंतु कागदाहून टिकाऊ अशा एकाच माध्यमाने त्या दोन्ही जतन केल्या. ग्रंथकारांनी गाळलेला आवाज व राजाने उमटविलेला आवाज आज सारख्याच स्पष्टपणे वाचता येतो, हे या कलेचे वाङ्मयीन इतिहासातील खरे मोल होय.